चौदा नंबरची मूठ

शेंगदाण्याच्या कारखान्यात तिला सगळे घार म्हणत. तोंडावर घारमावशी, माघारी नुसती घार. तेवीस वर्षं तिने निवडीच्या टेबलावर काढली होती. ट्रेमध्ये पसरलेल्या हजार दाण्यांतला एक डागी दाणा ती अचूक उचलून बादलीत टाकायची, तेही शेजारणीच्या नवऱ्याची उणीदुणी काढता काढता. नव्या मुलींना तीच शिकवायची. "सुरकुतलेला दाणा गरीब असतो, तो एखादा राहिला तर राहू दे. पण हिरवट-काळा डाग दिसला की दया नाही. ती बुरशी, विष असतं ते. बादलीतलं जाळायचं, जनावरापुढेसुद्धा टाकायचं नाही."

कारखान्याचा मालक गोड बोलून गळा कापणाऱ्यांतला. त्याने एक रीत पाडली होती. सुटताना प्रत्येक बाईने एक मूठ दाणे घरी न्यायचे, पण स्वतः निवडलेल्या ट्रेमधलेच. मुकादम दारात उभा राहून बघायचा. निवड नीट केलीत तर घरी चांगलं खाल, अळंटळं केलीत तर तुमच्याच पोरांच्या तोंडात जाईल, असा हिशेब. तपासणीला वेगळा माणूस ठेवायला नको. बायकाही खूश होत्या, फुकटची मूठ कोणाला नको असते?

आणि गेली दोन वर्षं घारला डाग दिसत नव्हता. दोन्ही डोळ्यांवर साय धरल्यासारखं झालं होतं. आधी तिने खिडकीजवळची जागा मागून घेतली, मग दिव्याखालची, मग मागायचं सोडून दिलं. सांगणार कोणाला? मुलगा ट्रकवर, महिन्यातले आठ दिवस घरी. टेबल सुटलं तर घर कशावर चालायचं? आणि खरं सांगायचं तर पोटापेक्षा नावाची भीती जास्त होती. जिला दिसत नाही तिला घार कोण म्हणणार? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून ती गप्प बसली. बोटं शिकलेली होती. सुरकुतलेला, फुटका, किडीने पोखरलेला दाणा बोटांना आपोआप कळायचा. डाग मात्र बोटांना लागत नाही. हे तिला कळत होतं, पण वळत नव्हतं.

सुनेला दुसऱ्यांदा दिवस गेले. पहिलं पाचव्या महिन्यात गेलं होतं, म्हणून या वेळी दोघीही घरात दबक्या आवाजात बोलायच्या. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी कागदावर लिहून दिलं आणि वाचूनही दाखवलं. "रोज मूठभर सुकामेवा. बदाम, अक्रोड परवडत नसतील तर शेंगदाणे चालतील. बाळ अंग धरेल."

घारचा चेहरा उजळला. "दाण्यांची काळजी सोडा बाई. आमच्या घरी रोज मूठ येते, तीही माझ्या हातची."

त्या दिवसापासून ती मूठ सुनेची झाली. घार दाणे सालीसकट तव्यावर चांगले खरपूस भाजायची, काचेच्या बरणीत भरायची आणि रोज सकाळी वाटीत काढून सुनेसमोर बसायची. वाटी रिकामी झाल्याशिवाय उठायची नाही. भाजल्यावर सगळेच दाणे डागी दिसतात, त्यामुळे सुनेच्या धडधाकट डोळ्यांनाही काही दिसलं नाही.

पहिल्याच आठवड्यात सून म्हणाली, "आई, एखादा कडू लागतोय."

"करपला असेल. या दिवसांत तोंडाला चव नसते बाई. गीळ आणि वर पाणी पी."

सुनेने गिळलं आणि पुन्हा तक्रार केली नाही. गुणी पोर होती. एवढी गुणी नसती तर बरं झालं असतं.

सातव्या महिन्यात नर्सबाईंनी पोटावर टेप धरली, मग मशीनवर तपासायला लावलं, आणि भुवया चढवल्या. "बाळ लहान आहे. दाणे खातेस ना?"

"एक दिवस चुकत नाही," उत्तर घारनेच दिलं.

दुसऱ्या दिवसापासून वाटी शिगोशीग भरू लागली.

पुढच्या पंधरवड्यात मुकादमाने घारला गोदामात बोलावलं. एक पोतं परत आलं होतं. प्रत्येक पोत्यात निवडणाऱ्या बाईच्या नंबराची चिठ्ठी असायची आणि या पोत्यातली चिठ्ठी चौदा नंबरची, म्हणजे घारची होती. मुकादम तसा वाईट माणूस नव्हता, त्याने आधी दार लोटून घेतलं. पोत्यातला ओंजळभर माल कागदावर पसरून त्याने विचारलं, "मावशी, हे काय आहे?"

"दाणे."

"यातले बाद किती?"

तिने बोटं फिरवली. दोन सुरकुतलेले उचलून बाजूला ठेवले. "हे दोन."

मुकादम एकेक दाणा उचलून तिच्या तळहातावर ठेवत गेला. आठ झाले, दहा झाले, अकरा झाले. "सगळ्यांवर बुरशी आहे मावशी. मला तुम्हीच शिकवलंय हे. कधीपासून दिसत नाही?"

ती हातातल्या दाण्यांकडे बघत राहिली. तिला ते गोल, भरदार आणि निर्मळ लागत होते. मग पायाखालची जमीन सरकली, पण ती नोकरीमुळे नाही. डोळ्यांसमोर बरणी आली.

"उद्यापासून निवड सोडा, पोत्यांची तोंडं बांधा," मुकादम म्हणत होता. "मालकाला मी काही सांगत नाही."

घरी आली तेव्हा सून दोरीवरचे कपडे काढत होती. घारने बरणी पदराखाली धरली, मागच्या गटारात उपडी केली, ठोकून ठोकून रिकामी केली आणि राखेने तीनदा घासली.

"दाणे कुठे गेले?" सुनेने विचारलं.

"पोरकिडे झाले होते. बाजारातून आणते ताजे."

तिथेच सांगायचं होतं. त्याच संध्याकाळी हात धरून दवाखान्यात न्यायचं होतं. तिने दोन्ही केलं नाही. हिचं आधीचं एक गेलंय, आता काळजीनेच काही व्हायचं, असं तिने स्वतःला बजावलं. तो नुसता बहाणा होता. सुनेने आपल्याकडे कसं बघितलं असतं, याचीच तिला धास्ती होती. ती दुकानातून बदाम आणत राहिली आणि रोज पहाटे उठून सुनेच्या पोटावर हात ठेवत राहिली. आतली हालचाल अगदी हलकी होती.

महिनाभर आधीच कळा सुरू झाल्या. मुलगी झाली. दीड किलोसुद्धा भरली नाही. तिला काचेच्या पेटीत ठेवलं आणि नाकाला नळी लावली. दोन दिवस काही सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

नर्सबाईंनी सुनेला चाकाच्या खुर्चीत बसवून पेटीपर्यंत आणलं. "खाण्यापिण्यात काही हयगय झाली होती का?"

"नाही हो," सून थकलेल्या आवाजात म्हणाली. "आईंनी रोज समोर बसून दाणे खायला घातले. माझ्या जन्मदात्रीनेही एवढं केलं नसतं."

"बाळ लहान राहायला शंभर कारणं असतात," डॉक्टर जाता जाता म्हणाले. घारला शंभरांशी काय करायचं होतं? तिला एकच माहीत होतं.

सुनेने तिचा हात धरून तिला पुढे ओढलं. "आई, बघा ना. डोळे अगदी तुमच्यावर गेलेत. दिसलं का?"

घार काचेला नाक लावून उभी राहिली. आत पांढरं काहीतरी होतं आणि त्यात आणखी थोडं पांढरं. 'दिसलं' हा शब्द जिभेवर तयारच होता. दोन वर्षं तिने तो मुकादमाला, मुलाला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिला होता.

"नाही," ती म्हणाली.

"काच धुरकट झाली असेल, पुसते हं." सून खुर्चीतून वाकून तळहाताने काच पुसू लागली.

"काच स्वच्छ आहे गं. माझे डोळे गेलेत. दोन वर्षं झाली. तुझ्या वाटीतले दाणे मी न दिसताच निवडले. त्यांना बुरशी होती. मुकादमाने दाखवलं तेव्हा कळलं, तर मी बरणी गुपचूप ओतून दिली. तुला सांगितलं नाही."

सुनेचा हात काचेवरच थांबला. पेटीचं यंत्र बारीक आवाजात वाजत होतं. नर्सबाई दुसऱ्या पेटीकडे निघून गेल्या.

"म्हणजे ते करपलेले नव्हते," सून शेवटी म्हणाली. "मला कडू लागायचे आई. रोज लागायचे. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी पाण्याबरोबर गिळायचे."

मग तिने सासूचा हात सोडला आणि पेटीतल्या मुलीकडे एकटीच बघत राहिली.