बांधावरचं जाळं

अलिबागच्या विज्ञान प्रदर्शनाला पनवेलच्या आमच्या शाळेतून एकालाच नेणार होते, आणि जाणार ती मीच, असं मी ठरवलं होतं. शास्त्राच्या सरांना ते अजून माहीत नव्हतं, इतकंच.

वर्गातल्या ताहेरने विजेची घंटा केली होती. मी टोपलीत माती भरून मुळांसकट गवत लावलं आणि त्यात बांधावरचा एक कोळी सोडला. मसुरीच्या डाळीएवढा. कापलेलं गवत सुकतं नि जाळं ढिलं पडतं, हे मी आधी फसून शिकले होते. या खेपेला त्याने पात्यांमध्ये चाकासारखं गोल जाळं विणलं आणि मधोमध खाली डोकं करून बसला.

सकाळी टोपलीत नुसती माती होती.

"म्हशीला घातलं," आय म्हणाली. "दारात आणलेलं गवत म्हशीचंच ना? मला काय ठावं त्यात तुजा पावना हाय."

चूक तिची नव्हतीच. आमच्या दारात आलेलं गवत आजवर दुसऱ्या कुणाचं नव्हतं. पण आता ती विळा घेऊन शाळेमागच्या आमच्या बांधावर निघाली होती.

"आय, चिंचेकडचा कोपरा कापू नको. सर येतील."

"सर गवत खातात काय?"

"बघतात."

"बघूंदे. दुपारपावतर ठेवते. मंग नाय."

शाळेत जाऊन मी सरांना सरळ सांगितलं, माझा प्रयोग म्हशीने खाल्ला, तुम्ही बांधावर चला. पूर्वी असं बोलताना माझी जीभ टाळ्याला चिकटायची. आता नाही चिकटत.

सर आले, धोतर खोचून उकिडवे बसले. मागोमाग ताहेरही. दवामुळे गवतात जागोजाग जाळी दिसत होती. एकात चिलट अडकलं. कोळी धावला, त्याला धाग्यात गुंडाळलं आणि परत मधे जाऊन बसला. सर बराच वेळ बघत राहिले.

"पण वेणू, बांध काही अलिबागला नेता येत नाही."

"गवत तिथेही असेलच की, सर. आदल्या दिवशी पोचलो तर कोळी मी शोधीन. जाळं तो विणील."

"नाही विणलं तर?"

"तर का नाही विणलं, ते सांगीन."

ताहेर म्हणाला, "माझी घंटा दाबली की वाजतेच, सर."

"म्हणूनच. तशा चार घंटा येतील तिथे." सर उठले. "वेणू, आदल्या दिवशीची एसटी कधी सुटते, विचारून ये."

मी तशीच स्टँडकडे निघाले.

"आत्ता नाही," सर मागून म्हणाले. "शाळा सुटल्यावर."