चाकाला घातलेलं तेल

थोरलीचं वागणं मला मुळीच पटलेलं नाही. एवढी मोठी मेंदूची शास्त्रज्ञ, परदेशांतून व्याख्यानाची बोलावणी येतात, आणि दोन महिने एका पोरीचे कागद घरात दडवून बसली! तेही माझ्या कपाटाच्या खणात, अस्तराच्या कापडाखाली. तो खण मी रोज उघडते, हे पोटच्या लेकीला पन्नाशीतही कळू नये?

मी शिवणकाम करते. शाळा तिसरीपर्यंत. याच मशीनवर पाय मारून हिला शिकवलं, त्यामुळे तिच्या कामातलं कळायचं तेवढं मला कळतं. बावीस वर्षांपूर्वी तिनं शोधून काढलं की उंदराच्या मेंदूतल्या काही पेशी वेळ मोजतात. दिवा लागला की ठरावीक वेळानं खाणं येतं, आणि त्याच्या जरा आधी या पेशी जाग्या होतात. तिला अशा शंभर सापडल्या. पुस्तकांत धडा आला. हजारावर शास्त्रज्ञांनी आपल्या लिखाणात तिचा आधार घेतला. हा आकडा शेजारणींनी विचारला नाही तरी मी सांगते.

दुसऱ्या देशांत हाच प्रयोग केला की मात्र साठच पेशी सापडायच्या. का, ते कुणाला कळत नव्हतं.

कागदांचा उलगडा झाला तो एका पँटमुळे. परवा तिची विद्यार्थिनी आली. पाच वर्षं थोरलीच्या हाताखाली आहे. मी तिला चिमणी म्हणते, कारण खाते चिमणीएवढं आणि बोलते दहाजणींएवढं.

"आजी, ही दोन बोटं आखूड कराल? नोकरीच्या मुलाखतीसाठी आहे." मग पँट परत ओढत म्हणाली, "राहू दे. मुलाखत होईलसं वाटत नाही."

"का गं?"

"माझा पेपर शुक्रवारपर्यंत गेला तरच बोलावतील. बाईंनी सही केल्याशिवाय तो पाठवता येत नाही."

"मग बाईंचा हात मोडलाय का?"

तिनं मान खाली घातली. "आजी, ते तुमचं तेल..."

तेल माझंच, खरं आहे. गेल्या वर्षी मी प्रयोगशाळा बघायला गेले होते. उंदरांच्या खाण्याची ढकलगाडी लांबून निघाली की तिचं एक चाक किरकिरायचं. गाडी बावीस वर्षांची. सगळ्यांना त्या आवाजाची इतकी सवय की कुणाला तो ऐकूच येईना. मला राहवेना. मशीन किरकिरलं की तेल घालायचं, एवढं एकच शास्त्र मला येतं. पिशवीतली कुपी काढून चिमणीच्या हातात दिली.

पोरीनं तेल घातलं आणि थोरलीच्या चाळीस पेशी गप्प झाल्या! त्या वेळ मोजतच नव्हत्या, चाक ऐकत होत्या. चिमणीनं वर्षभर तेल घालून, तेल पुसून, पुन्हा पुन्हा तपासलं आणि ते लिहिलं. तेच हे कागद.

पँट मी ठेवून घेतली. सकाळी थोरली चहाला बसली तेव्हा कागद तिच्या बशीशेजारी ठेवले.

"हे कुठे मिळालं?"

"माझ्या अस्तरात मांजरीनं पिल्लं घातली होती."

"आई, तुला यातलं काही कळत नाही."

"म्हणून तर विचारते. पोरीचं चुकलंय?"

ती कागदांच्या कडा जुळवत बसली.

"लबाडी केलीय तिनं?"

"नाही. मी स्वतः दोनदा करून बघितलं." मग एकदम आवाज चढला. "साठवाल्यांना मी भर सभेत म्हटलं होतं, तुमचा हात कच्चा आहे. सगळे हसले होते. आता त्यांना काय तोंड दाखवू? झाकली मूठ तरी—"

"मूठ उघडली माझ्या तेलानं. मला बोल. त्या पोरीचा गळा का धरतेस?"

"तुला चाक ऐकू आलं, तर आधी का नाही सांगितलंस?"

"बावीस वर्षांत तू मला तिथे एकदाच नेलंस."

चहावर साय आली. तिनं कागद जवळ ओढले आणि पहिल्यापासून वाचले, पेन हातात धरून. एका जागी थांबली. म्हटलं, आता खोडणार. पण तिनं एक आकडा दुरुस्त केला, तोही चिमणीच्या बाजूनं. शेवटच्या पानावर सही केली आणि पेनाचं टोपण लावत पुटपुटली, "झालं. बावीस वर्षांचं नाव गेलं."

मी घडी घातलेली पँट तिच्या मांडीवर ठेवली.

"गेलं कसं? चाळीस गेल्या, साठ आता कुणाच्या बापाला हलायच्या नाहीत. आणि त्या चाळीस ज्या पोरीनं पकडल्या, तिला पकडायला शिकवलं कोणी? तूच ना? शास्त्रज्ञ म्हणून तू पहिल्या नंबरची आहेस, हे मी तिसरी पास बाई छातीठोक सांगते. पण शिकवणारी बाई म्हणून दोन महिने तू नापास झालीस. आज आधी चिमणीची माफी माग, मग त्या साठवाल्यांना पत्र लिही. आणि ही पँट तिला दे, दोन बोटं आखूड केलीय."