मोंतेरुव्होचा दिंडी दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना दिंडी दरवाजा आहे. वेशीच्या भल्या मोठ्या दरवाजात एका माणसापुरते जे ठेंगणे दार असते ना, तो मी. जवळ या, पण जरा थांबा. आधी तुम्हाला नीट पाहू द्या. माझ्या छातीत मुठीएवढे भोक आहे, त्यावर लोखंडी झडप आहे. आलेल्या माणसाला त्यातून न्याहाळल्याशिवाय आत घ्यायचे नाही, हेच मला पहिल्या दिवसापासून शिकवले गेले. रागावू नका. ही सवय सुटत नाही.

माझा जन्मच मुळी संशयातून झाला. आमचे मोंतेरुव्हो डोंगराच्या सोंडेवर बसलेले दगडी गाव. पाठीशी मायेल्लाचा पहाड. त्याच्या खिंडीतून मेंढपाळ यायचे, फेरीवाले यायचे आणि लुटारूही यायचे. अंधार पडला की मोठा दरवाजा बंद व्हायचा, मग उशिरा आलेल्यांसाठी गावाने मला करवून घेतले. चेस्टनटच्या झाडाचे लाकूड, चार बोटे जाडीचे. सुतार होता कोलान्जेलो नावाचा. त्याने मला मुद्दाम ठेंगणा केला. "वाकून येणाऱ्याचं डोकं आधी आत येतं, हात नंतर," तो म्हणाला. "तेवढा वेळ आपल्याला पुरे."

पुढची दोनशे वर्षे मी माझे काम चोख केले. माझ्यामुळे एकदा लुटारूंची टोळी बाहेरच्या बाहेर परत गेली, तेव्हा पाद्रीबाबांनी माझ्यावर पवित्र पाणी शिंपडले होते. माझ्या झडपेतून मी किती डोळे पाहिले! भुकेले, लबाड, घाबरलेले. हळूहळू मला सगळेच डोळे लबाड वाटू लागले.

मग दिवस पालटले. खाली मोटारींचा रस्ता आला, वेशीखाली बस थांबू लागली. मोठा दरवाजा फक्त गावच्या संताच्या जत्रेला उघडायचा. एरवी सारे गाव माझ्यातूनच वाकून ये-जा करी. मला कोणी तेल घालत नसे. पावसाने फुगलो, उन्हाने तडकलो, तरी बिजागऱ्यांकडे कोणी पाहिले नाही.

पाहायची ती एकटी एर्सिलिया. तिचे घर वेशीला लागून. तिच्या नवऱ्याचे घराणे पिढीजात पहारेकरी. नवरा गेला, पहाऱ्याची गरजही संपली, पण एर्सिलियाने खुर्ची सोडली नाही. माझ्या शेजारी बसून ती लोकर विणायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला प्रश्न विचारायची. गावात तिच्यासारखी संशयखोर बाई दुसरी नव्हती. बसमधून उतरलेला पाहुणा तिच्या नजरेतून सुटला, असे कधी झाले नाही. मित्रांनो, खरे सांगतो, माझे तिच्याशी छान जमायचे.

आणि गावाला संशय घ्यायला कारणही होते. मोठी लढाई संपून दहा वर्षे झाली असतील. एक गोड बोलणारे जोडपे आले. चर्चमधले संताचे लाकडी चित्र काळे पडले आहे, शहरात नेऊन स्वच्छ करून आणतो, असे म्हणाले. लोकांनी त्यांना चीज खाऊ घातले, चित्र कांबळ्यात गुंडाळून दिले. ते चित्र आजतागायत परत आलेले नाही. तेव्हापासून गावात कोणी परका आला की खिडक्या आधी बंद व्हायच्या आणि मग फटीएवढ्या उघडायच्या.

त्याच सुमारास मी अडू लागलो. माझा खालचा उजवा कोपरा उंबऱ्याला घासायचा. एर्सिलियाने सुताराला बोलावले. हा नुन्झियो, मला घडवणाऱ्या कोलान्जेलोच्याच वंशातला. चांगला हात, थोडे बोलणे. त्याने कोपरा रंधून दिला. पुढच्या वर्षी मी पुन्हा अडलो, त्याने पुन्हा रंधा मारला. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा.

"लाकूड म्हातारं झालंय, काकू," तो म्हणायचा. "ओल धरतं."

मला राग यायचा. मी ओल धरलेली नव्हती. कोणीतरी मला दोन्ही बाजूंनी हळूहळू दाबत होते, पण कोण, ते मला कळत नव्हते. मला वाटे, हा नुन्झियोच मला काढून टाकायचे निमित्त शोधतो आहे.

अशा वेळी ऑक्टोबरात एक पाहुणा आला. तुल्लियो त्याचे नाव, साठीचा, सडपातळ, उत्तरेकडच्या बोलीचा. चर्चमधली भिंतीवरची चित्रे पाहायला आलोय, म्हणाला. माझ्यातून वाकून आत शिरला आणि पुढे जायचे सोडून तिथेच उकिडवा बसला. माझ्या रंधलेल्या कोपऱ्यावरून त्याने बोट फिरवले. मग वर कमानीकडे पाहिले. बराच वेळ पाहिले.

एर्सिलियाच्या सुया थांबल्या. "काय हरवलंय का, साहेब?"

"हे दार किती वेळा रंधलंय, बाई?"

"तुम्हाला काय करायचंय? विकत घ्यायचंय?"

"नाही, नाही. सहज विचारलं."

"सहज विचारणारे आम्ही पाहिलेत," एर्सिलिया म्हणाली. "त्यांनी आमचा संत नेला."

तो पाहुणा संध्याकाळच्या बसने जाणार होता, तो गेला नाही. खानावळीच्या माडीवर त्याने खोली घेतली. दुसऱ्या दिवशी तो भट्टीच्या गल्लीत फिरताना दिसला. ही गल्ली माझ्यापासून सुरू होते. अकरा घरे, टोकाला एजिदियोची पावाची भट्टी. तुल्लियो भिंतींवर हात फिरवत होता, वहीत काही लिहीत होता. तिसऱ्या दिवशी त्याने काचेच्या बोटभर रुंद पट्ट्या आणल्या आणि भिंतींच्या भेगांवर आडव्या बसवल्या, दोन्ही टोके गिलाव्यात घट्ट. प्रत्येक पट्टीखाली पेन्सिलीने तारीख. अशा चौदा पट्ट्या. शेवटची माझ्या डोक्यावर, कमानीच्या सांध्यात.

गावात एकच गलका झाला. कोणी म्हणाले, चोरांसाठी घरांवर खुणा करतोय. कोणी म्हणाले, घरपट्टी वाढवायला सरकारने पाठवलाय. विचारले तर तुल्लियो एवढेच म्हणे, "थोडे दिवस थांबा. खात्री झाली की सांगतो." याने संशय अजूनच वाढला. ज्याच्या पोटात काही नाही तो सांगायला का थांबेल? मीही असाच विचार करत होतो. माझ्या डोक्यावर परक्याने ठोकलेली काच मला काट्यासारखी सलत होती.

मग तीन दिवस पाऊस लागला. चौथ्या दिवशी सकाळी पाहतात तो गल्लीतल्या सात पट्ट्या फुटलेल्या.

तुल्लियोचा चेहरा पांढरा पडला. त्याने लोकांना चौकात गोळा केले. "कोणी फोडल्या ते खरं सांगा. मी रागावणार नाही. पण मला आकडा कळलाच पाहिजे."

शेवटी एजिदियोने पिठाचे हात पुसले. "तीन मी फोडल्या. माझ्या भट्टीवरच्या. माझ्या भिंतीवर खुणा करायला तू कोण रे?"

"तीनच?"

"आईची शपथ, तीनच."

"आणि बाकीच्या चार?"

नुन्झियोने फोडल्या असतील, एजिदियो म्हणाला. नुन्झियो म्हणाला, माझं नाव घेऊ नकोस, तुझ्याच बायकोला विचार. दुपारपर्यंत गल्लीत चार भांडणे झाली. ज्या शेजारणी एकमेकींच्या चुलीतला विस्तव नेत, त्यांनी दारे लावून घेतली.

एर्सिलियाने मात्र आपला निकाल लावून टाकला होता. "हाच फोडतोय," ती शेजारणीला म्हणाली. "स्वतःच लावतो, स्वतःच फोडतो, आणि आपल्याला आपसांत झुंजवतो. बघच तू, मी रंगेहाथ पकडते." तुल्लियोने नव्या पट्ट्या बसवल्या. एर्सिलियाने खुर्ची उचलली, माझ्या समोर भिंतीला टेकवली, मांडीवर झाडू घेतला आणि कमानीवरच्या काचेवर डोळे लावून बसली.

ती जेवायलाही उठली नाही. कोणीतरी पोलेन्ताची, म्हणजे मक्याच्या घट्ट लापशीची ताटली आणून दिली, ती तिने नजर न हलवता संपवली. पाऊस पुन्हा सुरू झाला होता. गल्लीत चिटपाखरू नव्हते. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, चर्चची बाराची घंटा वाजून गेल्यावर, मला माझ्या चौकटीत एक कळ जाणवली. कमानीतून बारीकसा आवाज आला, बर्फावर पाय पडल्यासारखा. काच मधोमध तडकली आणि तिचे दोन तुकडे एकमेकांपासून केसभर दूर सरकले.

जवळ कोणाचा हात नव्हता. मी नव्हतो हललो. एर्सिलिया नव्हती हलली.

तिच्या मांडीवरून झाडू खाली पडला. ती उठली, मी उघडतो का ते पाहायला मला ढकलू लागली. मी उघडेना. पार उंबऱ्यात रुतलो होतो. मग ती तशीच पावसात खानावळीकडे धावली. साठ वर्षांची बाई धावताना गावाने प्रथमच पाहिली.

"कोणी फोडली नाही!" तिने तुल्लियोचा दंड धरला. "माझ्या डोळ्यांदेखत तडकली. सांगा, काय आहे हे?"

तेव्हा तो बोलला. त्याने जन्मभर रस्ते आणि पूल मोजण्याची नोकरी केली होती. त्याच्या आईचे गाव तो नऊ वर्षांचा असताना उतारासकट खाली गेले होते. तिथेही आधी दारे अडू लागली होती. "तुमच्या या दाराचा कोपरा पाहिला आणि माझे पाय हलेनात, बाई. पण चूक ठरलो असतो तर? उगाच घरंदारं सोडायला कसं सांगू? म्हणून काचा लावल्या. भेग जरा जरी रुंदावली, तरी काच तडकते. तुमचा डोंगर सरकतोय. ही गल्ली आजच्या आज रिकामी करा."

एर्सिलिया गल्लीत परत आली आणि दारोदार हाका मारू लागली. आता गंमत पाहा, मित्रांनो. लोकांनी तिच्यावरच संशय घेतला.

"काय दिलं गं त्याने तुला?" एजिदियो दारातून ओरडला. "काल तर झाडू घेऊन बसली होतीस!"

"झाडू अजून आहे," एर्सिलिया म्हणाली. "तुझ्या पाठीत घालीन. अरे मेल्या, मी जन्मात कोणावर विश्वास ठेवलाय का? आपल्या पाद्रीवरही ठेवला नाही. मी सांगतेय म्हणजे विचार कर."

त्या बोलण्याने लोक उंबऱ्यापर्यंत आले. या बाईला पटले असेल, तर खरेच काही असले पाहिजे.

"माझं पीठ फुगत ठेवलंय," एजिदियो पुटपुटला.

"पिठाची काथवट उचल आणि बाहेर ये."

लोक गाठोडी, कोंबड्या, पाळणे घेऊन वेशीकडे आले. गावात वर जायची वाट त्याच भेगाळलेल्या भिंतींखालून होती, तुल्लियोने ती बंद केली. बाहेर पडायचे तर वेशीतूनच. पण मोठा दरवाजा कमानीने असा आवळला होता की आठ जणांच्या खांद्यांनी हलेना. आणि मी? मी तर रुतून बसलेलो. त्रेचाळीस माणसे माझ्यासमोर भिजत उभी होती. दोनशे वर्षे माणसे अडवण्याचा मला अभिमान होता. त्या क्षणी मला स्वतःची किळस आली.

नुन्झियो पहार घेऊन पुढे झाला. माझ्यासमोर बसला आणि त्याने तो कोपरा पाहिला, आपल्याच रंध्याने तिरका झालेला.

"चार बोटं," तो हळूच म्हणाला. "मी चार बोटं तासली. आणि एकदाही वर मान करून पाहिलं नाही."

"नंतर रड," एर्सिलिया म्हणाली. "आधी काढ."

त्याने बिजागऱ्यांखाली पहार घातली. माझी हाडे करकरली. दोनशे वर्षांत पहिल्यांदा मी चौकटीतून सुटलो, बाहेरच्या चिखलात पालथा पडलो, आणि माझ्या पाठीवर पाय देत माणसे बाहेर पडली. एक एक जण, वाकून. आजोबा, तान्ही मुले, काथवट डोक्यावर घेतलेला एजिदियो. सर्वात शेवटी एर्सिलिया आणि तुल्लियो. नुन्झियोने मला चिखलात सोडले नाही, पाठीवर घेतले आणि समोरच्या टेकाडावरच्या मेंढवाड्यात नेऊन ठेवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास भट्टीची गल्ली गेली. मी मेंढवाड्याच्या भिंतीला टेकून ते पाहिले. फार मोठा आवाजही झाला नाही. अकरा घरे आणि अर्धी कमान दमलेल्या गुरांसारखी खाली बसली, आणि मग तिथे नुसती धूळ आणि पाऊस होता. एजिदियो गुडघ्यांवर बसला होता. त्याच्या घराण्याची भट्टी डोळ्यांसमोर गेली होती. पण कोणीतरी माणसे मोजली. त्रेचाळीस. पुन्हा मोजली. त्रेचाळीसच.

तुल्लियो निघाला तेव्हा एर्सिलियाने त्याची क्षमा मागितली नाही. तो तिचा स्वभाव नव्हता. तिने कापडात बांधलेले शेळीचे चीज त्याच्या हातात कोंबले. "घ्या. विष नाही घातलं."

तुल्लियो हसला. "तुम्ही संशय घेतला नसता, बाई, तर त्या काचेपाशी कोण बसलं असतं?"

बस वळणाआड जाईपर्यंत एर्सिलिया उभी राहिली, आणि तिने त्याला एकही प्रश्न विचारला नाही.

मित्रांनो, आता मी नव्या वस्तीतल्या शाळेच्या दालनात उभा आहे. माझ्या बिजागऱ्यांना तेल मिळते, मला वाळवी लागू देत नाहीत. मी अजूनही संशयी आहे, ते काही लपवत नाही. पण आयुष्यभर मी फक्त बाहेरून येणाऱ्या माणसांवर संशय घेतला आणि जी भिंत मला चिरडत होती तिच्यावर कधी घेतला नाही, हे मला आता उमगले आहे. तुमच्या घरचे एखादे दार अडू लागले, तर नुसते तासून गप्प बसवू नका. ते काही सांगत असते. त्याच्या चौकटीकडे, भिंतीकडे, पायाकडे मान वर करून, खाली वाकून पाहा. आणि एखादा परका माणूस तुमच्या उंबऱ्याशी उकिडवा बसून काही न्याहाळत असेल, तर हाकलण्याआधी विचारा, तुला काय दिसतंय?

माझा तो तिरका कोपरा नवीन लाकूड जोडून सरळ करायचे शाळेने ठरवले होते. नुन्झियो आता थकला आहे, तरी काठी टेकत आला आणि त्याने ते काम होऊ दिले नाही. "असाच राहू द्या," तो म्हणाला. "पोरांना दिसू दे मी काय केलं ते." दर रविवारी चर्चनंतर तो इथे येतो. माझ्यासमोर खाली बसतो, त्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवतो, आणि मग मान वर करून शाळेच्या भिंती चारही बाजूंनी नीट पाहून घेतो. मगच घरी जातो.