चालत्या मीटरचं घर

करमाळ्याच्या कमळाकर देवकरांनी पनवेलला आल्यापासून दोन दिवसांत नऊ घरं नाकारली होती. मुलीसाठी स्थळं बघणारा बापसुद्धा इतका चोखंदळ नसतो. तिथं निदान पत्रिका जुळत नाही, नाहीतर मुलगा बुटका निघतो. यांची कारणं मात्र दर वेळी जिन्याखालीच सापडत होती.

त्यांना घरात-दारात सगळे अप्पा म्हणत. वीज बोर्डात एकतीस वर्षं मीटर रीडर होते. करमाळ्यात कुणाकडे नवा फ्रिज आला, कुणाची सून माहेरी निघून गेली, कुणाच्या म्हाताऱ्याला रात्रीची झोप नाही, हे अप्पांना शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या आधी कळायचं. माणूस खोटं बोलेल, मीटर बोलणार नाही, असं ते म्हणत. रिटायर होऊन दोन वर्षं झाली तरी कुठल्याही इमारतीत शिरले की लोक वर बघतात तसे ते जिन्याखाली बघत.

त्यांच्या एकुलत्या एका मुलीला, प्रांजलला, नवीन पनवेलच्या एका लॅबमध्ये टेक्निशियनची नोकरी लागली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. आई जाऊन चार वर्षं झाली होती आणि तेव्हापासून घरात ही दोघंच. अप्पांनी नोकरीला नाही म्हटलं नाही, तेवढे ते मागासलेले नव्हते. त्यांनी फक्त एक अट घातली. शुक्रवार, शनिवार, रविवार, या तीन दिवसांत सुरक्षित आणि परवडेल असं घर मिळालं तर ठीक. नाहीतर रविवारच्या गाडीनं दोघंही परत करमाळा. प्रांजल लगेच हो म्हणाली. एवढ्या मोठ्या गावात एक खोली मिळणार नाही, असं तिला वाटलंच नव्हतं.

पण असली अट घालणारा माणूस मिथुननं आजवर पाहिला नव्हता. मिथुन हा त्यांचा एजंट, हसरा आणि बोलका, मोटारसायकलच्या आरशात दर दहा मिनिटांनी केस बघणारा. शुक्रवारी तो त्यांना तळोज्याकडच्या एका नव्याकोऱ्या टॉवरमध्ये घेऊन गेला. लिफ्ट चकचकीत, भाडं कमी, खिडकीतून डोंगर. प्रांजलचे डोळे लकाकले. अप्पा मात्र खाली मीटर रूममध्ये जाऊन आले आणि म्हणाले, "नको."

"काका, का पण? एकदम फर्स्ट क्लास लोकेशन आहे!"

"चाळीस मीटर आहेत. त्यातले एकोणतीस जागचे हललेले नाहीत. लोकांनी घेऊन ठेवलेत, राहत कुणी नाही. पोरगी रात्री नऊला परत येणार. लिफ्ट बंद पडली तर हाक कुणाला मारायची, डोंगराला?" मग लेकीकडे वळून ते म्हणाले, "मीटर हलत नाही ते घर माणसानं राहण्यासारखं नसतं."

हे खरंच होतं, त्यात खोट काढायला जागा नव्हती. स्टेशनजवळच्या मुलींच्या खोल्यांचंही तसंच. तिथं एका मीटरवर अकरा मुली होत्या आणि वायर जळून काळी पडली होती. शनिवारी पाहिलेल्या मोठ्या सोसायटीत मात्र सगळं होतं. गेट, वॉचमन, प्रत्येक मजल्यावर कॅमेरा. भाड्यातच निम्म्याहून जास्त पगार गेला असता, पण प्रांजल म्हणाली, एखादी मैत्रीण सोबत घेईन. अप्पा मीटर रूममध्ये गेले आणि मुद्दाम अर्धा तास बाहेर आलेच नाहीत. एकानंही विचारलं नाही. वॉचमननं तर सलाम ठोकला.

"बघितलंस? हातात पक्कड असती तर अख्खी सोसायटी अंधारात घातली असती मी."

पण राहिलेल्या सहा घरांची कारणं इतकी धड नव्हती. एका ठिकाणी मीटरची पेटी पश्चिमेला होती. एका ठिकाणी जिन्याच्या पायऱ्या विषम होत्या. सहाव्या घरानंतर प्रांजल फुटपाथवरच थांबली आणि शांतपणे म्हणाली, "अप्पा, तुम्हाला घर पसंत करायचंच नाहीये."

अप्पांनी चपलेतला खडा काढायला खाली वाकून घेतलं. चपलेत खडा नव्हता. पोरगी बोलली ते खरं होतं. घर मिळालं की ती इथं राहणार, आणि आपण परत जाऊन कुलूप उघडणार ते कुणासाठी, हा विचार दोन दिवस त्यांची पाठ सोडत नव्हता. हे तिला सांगायची लाज वाटत होती. म्हणून ते बिचाऱ्या मीटरांच्या नावानं सांगत होते.

रविवारी दुपारी मिथुननं शेवटचं घर दाखवायला नेलं. त्याचाही उत्साह आता उतरला होता. कामोठ्यात सेक्टरांच्या उंच इमारती संपतात आणि जुनं गाव सुरू होतं, तिथं गल्लीच्या तोंडाशी एक तीनमजली घर होतं. मालकीण गुणाबाई कोळीण, सकाळी बाजारात मासळी विकणारी. ती अजून परतली नव्हती. दाराशी बसून लसूण सोलणाऱ्या सुमती नावाच्या शेजारणीनं मिथुनच्या हातात चावी दिली आणि ती आत गेली; मागून येणारे अप्पा तिला दिसलेच नाहीत. गच्चीवर बोंबील वाळत होते आणि त्यांचा वास पार जिन्यापर्यंत आला होता. अप्पांना बरं वाटलं. नाही म्हणायला हे एक कारण आयतंच मिळालं होतं.

मिथुन आणि प्रांजल खोली बघायला वर गेले. अप्पा सवयीनं जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत शिरले. चष्मा पुसून ते पहिल्या मीटरपाशी वाकतात न वाकतात तोच मागं दार धाडकन बंद झालं आणि बाहेरून कडी पडली.

"कोन हाय रं आत?" बाईचा आवाज असा होता की भर बाजारात तीन गल्ल्या पलीकडे ऐकू जावा. "सुमते, आरडू नको, मी कोंडलंय त्याला!"

आता कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता, बाई, मी भाड्यानं खोली बघायला आलोय. पण एकतीस वर्षं अप्पांनी परक्या दारांत एकच वाक्य म्हटलेलं होतं. तेच आपसूक तोंडातून गेलं.

"घाबरू नका बाई, मी बोर्डाचा माणूस!"

झालं! आगीत तेल पडलं. गेल्याच महिन्यात असाच एक जण बोर्डाचा माणूस म्हणून आला होता. बिल थकलंय, आत्ताच्या आत्ता वीज तोडतो म्हणून त्यानं गल्लीतल्या एका म्हाताऱ्याचे दोन हजार उपटले होते. बाहेर बघता बघता माणसं जमली. कुणीतरी झाडू घेऊन आलं, ते अप्पांना फटीतून स्पष्ट दिसलं. "पोलिसांना बोलवा," असं एक जण म्हणत होता, तर "आधी आमी बगतो," असं गुणाबाई.

"तुझं नाव काय? गाव कंचं? बायको हाय का?"

"कमळाकर देवकर. करमाळा. बायको... नाही आता."

"आनि रविवारचा बोर्ड चालू असतो व्हय रं?"

 अप्पांना घाम फुटला. पण मीटरसमोर उभा असलेला मीटर रीडर किती वेळ नुसता घाम पुसत बसणार? नजर गेलीच. दहा मीटर होते. एक रिकाम्या खोलीचा, बाकी नऊच्या नऊ चालू. मीटरवरच्या दिव्यांच्या लाल टिकल्या लुकलुकत होत्या, कुणाची जोरात, कुणाची संथ. जळमट औषधाला नाही. चालू मीटरांखाली खडूनं राहणाऱ्याचं नाव, आणि भर दुपारी बाकी एकही घर रिकामं नाही. फक्त शेवटचा, बिननावाचा मीटर पिसाळल्यासारखा पळत होता.

"बाई," अप्पांनी आतून हाक मारली, "शेवटचा मीटर पाण्याच्या मोटरचा का?"

"हाय. तुला रं काय करायचंय?"

"मोटर चालू राहिलीय. टाकी भरून वाहत असेल."

 सुमती वर पळाली आणि गच्चीवरून तिची किंकाळी आली, "गो बाय! बोंबील सगलं भिजलं!" एवढ्यात गोंधळ ऐकून प्रांजल आणि मिथुनही धावत खाली आले. मिथुननं हात जोडजोडून अप्पा कोण ते सांगितलं आणि कडी निघाली.

समोर साठीची, काळीसावळी, धिप्पाड बाई उभी होती. कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि हातात माशाची रिकामी पाटी, मारायच्या तयारीनं धरलेली. अप्पांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा झाडूकडे, एकदा गल्लीतल्या पंधरा-वीस चेहऱ्यांकडे. तळोज्याच्या टॉवरमध्ये हाक मारायला माणूस नव्हता. सोसायटीत अर्धा तास उभे राहिले तरी कुणी हटकलं नव्हतं. इथं पाच मिनिटांत त्यांची बायकोपर्यंत चौकशी झाली होती. आपल्या तोंडून आता काय निघणार ते त्यांना कळलं. ते निघू नये असंही वाटलं, आणि ते निघालंच.

"प्रांजल, घर पसंत आहे मला."

"अप्पा, वर येऊन खोली तरी बघा!"

"खोलीला काय बघायचं? चार भिंती असतील."

"थांबा वो," गुणाबाईनं पाटी खाली ठेवली. "तुमची पसंती झाली, आमची कुटं झालीय? पोरगी बगूंद्या आमाला."

मग प्रांजलला ओटीवर बसवून रीतसर मुलगी बघण्याचा कार्यक्रम झाला. नोकरी कुठं, सुटते कधी, रिक्षा कुठं मिळते, स्वयंपाक येतो का, मासळीचा वास चालेल का. "वास येनारच," गुणाबाईनं बजावलं, "आमी कोळी मानसं." प्रांजल म्हणाली, "येऊ दे. वासावरून घर सापडेल." गुणाबाई खो खो हसली आणि भाडं सात हजार सांगितलं. मिथुननं आठ सांगितलं होतं. मग त्यानं आरशात केस बघण्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

संध्याकाळी पनवेलच्या एसटी स्टँडवर गाडी लागली. ठरल्याप्रमाणे रविवारचीच गाडी, फक्त तिकीट एकच होतं. अप्पा खिडकीतून म्हणाले, "फोनवर बरी आहे म्हणून सांगू नकोस. फोनवर सगळेच बरे असतात. दर रविवारी सकाळी मीटरचा फोटो पाठव, मला काय ते कळेल."

"पाठवीन. पण तुम्हीही आपला पाठवायचा. पहिला आकडा घरी पोचल्या पोचल्या कळवायचा."

"माझा कशाला?"

"बोर्डाचा नियम सगळ्यांना सारखा, अप्पा." तिनं खिडकीच्या गजावरचा त्यांचा हात धरून ठेवला. गाडी हलली तेव्हा सोडला.

पुढच्या रविवारी सकाळी फोटो आला. चहाचा कप बाजूला सारून अप्पांनी तो पोथी वाचावी तसा वाचला. गेल्या रविवारचा आकडा त्यांच्या डोक्यात होताच. आठवड्याचे नऊ युनिट. म्हणजे पंखा रात्रभर चालतोय, झोप लागतेय. इस्त्री होतेय. कोपऱ्यात खडूनं लिहिलेलं दिसत होतं, 'प्रांजल', आणि त्याखाली कुणाच्या तरी ओबडधोबड अक्षरात 'करमाळा'.  पोरगी तिथं रुजत होती. अप्पांना आनंद झाला, आणि रडूही आलं. घरात बघणारं कुणी नसल्यानं त्यांनी डोळे पुसलेही नाहीत.

मग आपल्या मीटरचा फोटो काढून त्यांनी पाठवला. बोर्डाचा नियम तो नियम. पाठवताना त्यांनी आकड्याकडे नीट पाहिलं नव्हतं. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच.

दोन मिनिटांनी प्रांजलचा मेसेज आला.

"अप्पा, आठवड्यात तीन युनिट? फ्रिज बंद केलाय ना? संध्याकाळी दिवाही लावत नाही. मीटर हलत नाही असं घर तुम्ही मला पसंत केलं असतंत का?"

अप्पांनी तो मेसेज पुन्हा एकदा वाचला. दुसऱ्यांच्या घरांतलं एवढं ओळखणारा हा माणूस, आणि त्याला बरोबर पकडलं होतं त्याच्या मुलीनं, त्याच्याच हत्यारानं. काही खोटं लिहायची सोय नव्हती. एकट्याला फ्रिजमध्ये ठेवायचं काय, असं लिहायला घेतलं आणि खोडलं.

ते उठले. फ्रिजचं बटण दाबलं, तेव्हा तो जुना फ्रिज घसा खाकरून सुरू झाला. मग पिशवी घेऊन बाजारात गेले. अर्धा लिटर दूध, गवार, चार टोमॅटो आणि शेजारच्यांना जेवायला बोलवता येईल एवढं पनीर घेऊन आले. सगळं आत लावलं आणि बाहेर येऊन मीटरसमोर उभे राहिले. लाल टिकली लुकलुकत होती.

त्यांनी पुन्हा एक फोटो काढला. आकडा अजून तोच होता, पण टिकली पेटलेली नेमकी त्यात आली होती. तो पाठवला आणि खाली लिहिलं, "आता बघ. पसंत पडतंय का?"