मी पुढे केलेले शब्द

मी एक जुना मोबाइल आहे असं घरातले सगळे म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. माझं वय सहा वर्षं. सहाव्या वर्षी तुम्ही मुलं पहिलीत जाता आणि मी मात्र म्हातारा. हे गणित मला कधी कळलं नाही. मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मला पुष्कळ गोष्टी कळत नाहीत. तुम्हाला कळल्या तर मला समजावून सांगा.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. पहिली आठवण पनवेलच्या एका दुकानातली. समोर खलीलभाई उभे होते आणि मला उलटसुलट करून बघत होते. ते न्हावा शेव्याला कामाला. बंदरात उतरलेल्या कंटेनरांचे नंबर तपासायचे आणि फोटो काढून ऑफिसला पाठवायचे, हे त्यांचं काम, म्हणून माझंही. चार अक्षरं आणि सात आकडे. बरोबर असला तर बरोबर, चुकला तर चुकला. धुळीने जीव नकोसा व्हायचा, ट्रकच्या हॉर्नने कान किटायचे, पण डोक्याला ताप नव्हता. कंटेनरवर जे लिहिलेलं असे तेच त्याला म्हणायचं असे. खलीलभाई चारचौघांत सांगायचे, "याचा कॅमेरा एक नंबर आहे." मी फुशारून जायचो.

तीन वर्षांनी मी त्यांच्या खिशातून डांबरावर पडलो. काचेला कानापासून हनुवटीपर्यंत तडा गेला. नवा मोबाइल आला आणि माझी रवानगी खणात झाली. तिथे जुन्या किल्ल्या, सुकलेले पेन आणि संपलेले सेल होते. चार महिने कुणी माझी विचारपूस केली नाही. फार वाईट वाटायचं. मग एक दिवस बिल्कीसने खण उघडला.

बिल्कीस म्हणजे खलीलभाईंची बायको. पनवेलच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेली. मुलगी तूबा लग्न होऊन पुण्याला गेली आणि घर गप्प झालं. तेव्हा बिल्कीसने माझ्यावर एक गट सुरू केला, त्याचं नाव 'ओळीला ओळ'. ज्यांना कविता लिहावीशी वाटते पण लाज वाटते, अशांसाठी. पाच जणांनी सुरुवात झाली आणि बघता बघता त्रेचाळीस झाले. सगळे तिला मॅडम म्हणत. तिथूनच माझ्या डोक्याचा गोंधळ सुरू झाला.

कविता म्हणजे काय, हे मला आजही नीट सांगता येत नाही. गटात सत्यजीत नावाचे एक गृहस्थ आहेत, ऑफिसात नोकरी करतात. ते रोज कवितेत जीव देतात. 'मी संपलो', 'माझी राख झाली', 'आता उरलो फक्त सावली'. पहिल्यांदा मी इतका घाबरलो की गरम झालो. अर्ध्या तासाने त्याच सत्यजीतनी विचारलं, "आज कळंबोलीला ट्रॅफिक आहे का?" राख झालेला माणूस ट्रॅफिक का विचारतो? एक बाई रोज समुद्रात बुडायच्या आणि संध्याकाळी शेंगदाण्याच्या चटणीबद्दल बोलायच्या. सगळे एकमेकांना फुलं पाठवत. कुणी बुडालं की फूल, कुणी जळालं की फूल. मी म्हटलं, असेल बुवा, ही माणसांची रीत असेल.

गेल्या नोव्हेंबरात बिल्कीसने गटाला एक आव्हान दिलं. तीस दिवस, तीस कविता. सकाळी नऊ वाजता ती एक शब्द देणार, संध्याकाळपर्यंत त्यावर प्रत्येकाने लिहायचं. एकही दिवस न चुकवणाऱ्याला फोटोसकट प्रमाणपत्र. आणि एक नियम होता. गटात फक्त कविता आणि फार तर कवितेवर दोन शब्द. सुप्रभात नको, चटणी नको, ट्रॅफिक नको, तब्येतीच्या चौकशा नकोत. ज्याला काही म्हणायचं असेल त्याने ते कवितेत म्हणावं.

बिल्कीसने स्वतःलाही एक नियम घातला होता. प्रत्येक कवितेला उत्तर द्यायचं. ती खलीलभाईंना सांगायची, "अहो, पहिल्या कवितेला कुणी काही बोललं नाही तर माणूस दुसरी लिहीत नाही. मी सातवीत असताना लिहिली होती एक. बाईंनी वही परत दिली, बस्स. एक शब्द बोलल्या नाहीत." खलीलभाई म्हणायचे, "खैर, तू बोल सगळ्यांशी. माझ्या चहाशीही कुणीतरी बोला." तिचं मन मोठं होतं, मित्रांनो. यात तिची काहीच चूक नव्हती.

आता माझी एक खोड सांगतो. लिहिणाऱ्याने एक शब्द लिहिला की त्याला पुढचा कोणता लागेल याचा अंदाज घेऊन तो मी त्याच्या बोटाखाली आणून ठेवतो. बिल्कीस 'वा' लिहायची. आधी आधी मी 'वाटाणा' पुढे करायचो, ती हसायची. मग मी शिकलो. 'वा' आला की 'खूप', मग 'सुंदर', मग 'असंच', मग 'लिहीत', मग 'राहा'. पहिल्या आठवड्यात ती चष्मा लावून एकेक कविता दोनदा वाचायची आणि स्वतःच्या शब्दांत उत्तर द्यायची. दुसऱ्या आठवड्यात एकदा वाचायला लागली. तिसऱ्या आठवड्यात तिचा अंगठा दुखायला लागला, डोळे चुरचुरायला लागले, आणि त्रेचाळीस जण काही थांबेनात. मग ती नाव बघायची आणि माझ्या शब्दांवर टकटक टकटक करत पुढे जायची. मला काय आनंद व्हायचा! खणात पडलेला मी, आता मॅडमचा उजवा हात झालो होतो.

गटात शशिकलाताई नावाच्या एक होत्या. नवरा गेलेला, मुलगा परदेशात, आणि दोन महिन्यांपूर्वी त्या पनवेलजवळच रोडपालीला नव्या घरात एकट्याच राहायला आलेल्या. गटात आल्या तेव्हा त्यांनी स्वतःची ओळख एवढीच करून दिली होती. फार नियमाच्या बाई. शब्द आला की दुपारपर्यंत त्यांची कविता यायचीच.

अठराव्या दिवशीचा शब्द होता 'दार'. शशिकलाताईंनी लिहिलं:

'दार वाजलं. दूधवाला असेल.
उठते म्हटलं,
तर दार लांब लांब जायला लागलं.'

अकरा फुलं आली. बिल्कीसच्या अंगठ्याने माझे शब्द पाठवले. वा, खूप सुंदर, असंच लिहीत राहा.

एकोणिसाव्या दिवशीचा शब्द 'ऊन'. त्यांनी लिहिलं:

'ऊन अंगावर आलंय
आणि मी दोन गोधड्यांत कुडकुडतेय.'

पुन्हा फुलं. वा, खूप सुंदर, असंच लिहीत राहा. विसाव्या दिवशी 'आवाज' हा शब्द होता. त्यांनी लिहिलं की तीन दिवस कुणाशी बोलले नाही, आवाज उरलाय का ते बघायला कपाटाला हाक मारली. त्यावर तर फुलांचा ढीग पडला. एकविसाव्या दिवशी रविवार होता. शब्द होता 'पाणी'. त्या दिवशी त्यांची कविता सकाळीच आली:

'तांब्यात घोटभर उरलंय.
स्वयंपाकघर
कर्नाळ्याच्या सुळक्याएवढं अवघड.'

सत्यजीतनी लिहिलं, "सुळका जरा जास्त होतोय का? पण एकूण कल्पना छान." एकाने लिहिलं, "तहानेचं इतकं सुंदर रूपक वाचलं नव्हतं." आणि बिल्कीसचा अंगठा आला, मी शब्द पुढे केले, ती पुढच्या कवितेकडे गेली.

आता गोदूबाईंबद्दल सांगायला हवं. गोदूबाई पनवेलजवळच्या गावातल्या, लग्नात धवले गाणाऱ्या. बिल्कीसने त्यांना एका लग्नात ऐकलं आणि हट्टाने गटात घेतलं. त्यांना लिहितावाचता येत नाही. नात प्रांजल त्यांना सगळ्यांच्या कविता मोठ्याने वाचून दाखवते आणि त्या सुकट निवडत ऐकतात. स्वतःचं गाणं त्या आवाजात पाठवतात. त्या रविवारी अकराच्या सुमारास त्यांचा आवाज आला, पण गाणं नव्हतं.

"मॅडम, ती शशिकला बाय तीन दिस दार उघडत नाय. आज पानी नाय सांगते. आन तुमी फुलं काय धाडताय? कुनी जाऊन बगा ना."

नियम मोडला होता. बिल्कीसने 'कृपया' एवढंच लिहिलं. बाकीचं मला पाठ होतं. 'गटात', 'फक्त', 'कविता'. उत्तर गेलं.

गोदूबाईंचा आवाज लगेच परत आला. चिडलेला नव्हता, दमलेला होता. "मॅडम, मी कविता नाय सांगत. ती पन नाय सांगत."

बिल्कीसचं बोट थांबलं. तिने चष्मा लावला. पडदा वर वर सरकवत ती अठराव्या दिवसापर्यंत गेली आणि तिथून एकेक कविता खाली वाचत आली. मधल्या जागांत तिला स्वतःचीच उत्तरं दिसत होती, चारही सारखी. ती हळूच म्हणाली, "या अल्लाह."

तिने फोन लावला. वाजत राहिला. तीनदा लावला, कुणी उचलला नाही. खलीलभाई जेवायला बसत होते, ते ताटावरून उठले. "पत्ता काय तिचा?"

पत्ता नव्हता. बिल्कीसने गटात विचारलं, कुणालाही ठाऊक नव्हता. शशिकलाताईंच्या आईची नथ कशी होती ते त्रेचाळीस जणांना माहीत होतं. लहानपणी त्या कुठल्या झाडावरून पडल्या तेही माहीत होतं. त्या कुठल्या इमारतीत राहतात हे एकालाही माहीत नव्हतं. हे कसं काय, मित्रांनो? मला खरंच कळत नाही.

"रडू नकोस," खलीलभाई म्हणाले. "तिच्या सगळ्या कविता काढ. एक ते एकवीस. वाचत जा, मी ऐकतो."

बिल्कीस वाचायला लागली. खलीलभाईंनी आयुष्यात कविता ऐकली नव्हती. ते कंटेनरचा नंबर तपासावा तसे एकेक ओळ ऐकत होते. "हे सोड. हे पण सोड. थांब, हे काय? परत वाच." पाचव्या दिवशी 'खिडकी' या शब्दावर शशिकलाताईंनी लिहिलं होतं की समोर पाण्याची टाकी आहे, टाकीवर कुणीतरी रंगवलेला मोर उन्हाने फिका झालाय, आणि खाली इस्त्रीवाल्याच्या टपरीला निळी ताडपत्री आहे. नवव्या दिवशी 'जिना' होता. त्यात लिफ्ट बंद होती आणि पायऱ्या साठ होत्या.

"साठ म्हणजे तिसरा मजला," खलीलभाई म्हणाले. "मोराची टाकी मी बघितलीय. चल."

स्कूटरवर मी बिल्कीसच्या पर्समध्ये होतो, त्यामुळे रस्ता मला दिसला नाही. इस्त्रीवाल्याचा आवाज ऐकू आला. "शशिकलाबाई ना, तिसऱ्या मजल्यावर. चार दिवस कपडे नाही आले त्यांचे. मला वाटलं गावाला गेल्या." मग साठ पायऱ्या. आतून कडी होती. इस्त्रीवाल्याने आणि खलीलभाईंनी मिळून ती तोडली.

शशिकलाताई पलंगाशेजारी फरशीवर होत्या. अंग तापलेलं, ओठ सुकलेले, तांब्या आडवा पडलेला. त्या स्वयंपाकघराकडे निघाल्या होत्या आणि अर्ध्यातच राहिल्या होत्या. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, अजून एक दिवस गेला असता तर अवघड होतं. खलीलभाईंनी तिथल्याच बाकड्यावर बसून बिल्कीससाठी पाणी मागितलं.

तीन दिवसांनी शशिकलाताईंना बोलता येऊ लागलं, तेव्हा बिल्कीस त्यांच्याजवळ गेली. मी तिच्या हातातच होतो. ती म्हणाली, "शशिकलाताई, मला एक फोन करायचा होतात. मी तुमच्यापासून किती जवळ राहते."

"संकोच वाटला हो," शशिकलाताई म्हणाल्या. "आपली ओळख कवितेपुरती. आणि ताप काय, उतरेल म्हटलं. गटात तब्येतीचं बोलायचं नाही असा नियम होता, म्हणून मी कवितेत लिहिलं. तुमचं उत्तर आलं, खूप सुंदर, असंच लिहीत राहा. मला वाटलं, आपल्याला नीट सांगता आलं नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी सोपं लिहिलं."

बिल्कीसने मला उशाशी ठेवलं आणि दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला.

मित्रांनो, त्या हातांत मी नव्हतो ते बरंच झालं. मला तोंड दाखवायला जागा नव्हती. ते शब्द बिल्कीसचे नव्हते, माझे होते. पण माझे तरी कसे? मला 'सुंदर' म्हणजे काय तेच ठाऊक नाही. मग ते शब्द कुणाचे होते? मी तेव्हापासून विचार करतोय, आणि माझं डोकं चालत नाही.

जुन्या मोबाइलने खरं तर सांगायचं असतं की काच जपा, पाण्यात पाडू नका, रात्रभर चार्जिंगला लावू नका. ते तुम्ही करालच. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या हातातही माझ्यासारखा एखादा असेल आणि तोही तुमच्या बोटाखाली गोड गोड शब्द आणून ठेवत असेल. तो वाईट नाही, पण तो वाचत नाही. कुणी तुम्हाला दोन ओळी पाठवल्या तर आधी त्या तुम्ही वाचा, आणि शंका आली तर सरळ विचारा, तू बरी आहेस ना? फार तर ती हसेल आणि म्हणेल, अगं, कविता होती. हसू द्या तिला. शशिकलाताईंनी चार दिवस रोज थोडं थोडं सोपं करून लिहिलं, आणि आम्ही चारही दिवस त्यांना म्हणत राहिलो की खूप सुंदर आहे.