बिब्ब्याचा संशय

"खरं सांगा आज्जी, बिब्बा घातलाय न्हवं?" स्वप्नाली सिस्टरांनी सरळच विचारलं.

विठाबाई बारा दिवसांच्या नातीला घेऊन नेसरीहून कोल्हापूरच्या दवाखान्यात आल्या होत्या. पोरीच्या कोपरांवर, घोट्यांवर पाण्यानं टम्म भरलेले फोड होते. पोटदुखीवर तान्ह्या लेकराला बिब्ब्याचा चटका देणाऱ्या म्हाताऱ्या वीस वर्षांत सिस्टरांनी ढिगानं पाहिल्या होत्या. पहिल्या दमात एकीनंही कबुली दिली नव्हती.

"न्हाय वो. तेल लावून न्हाऊ घातलं, एवढंच."

ही म्हातारी पक्की आहे, असं सिस्टरांनी ठरवूनच टाकलं. बाळाच्या आईला, निशिगंधाला, बाजूला घेऊन त्यांनी बजावलं की सासूला लेकराला हात लावू देऊ नको. मग निशिगंधालाही आठवू लागलं, की फोड आंघोळीनंतरच येतात आणि आंघोळ सासूच घालते. तिनं नवऱ्याच्या कानावर घातलं. त्यानं आईला वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसवलं.

चार दिवस विठाबाई तिथंच होत्या. तरी पाचव्या दिवशी पोरीच्या टाचेवर नवा फोड. म्हातारी चोरून आत येते, दुसरं काय, सिस्टरांनी मनाशी म्हटलं. तशाच रागात त्या सलाईन काढायला बसल्या. चिकटपट्टी मात्र हलक्या हातानंच ओढली. पट्टीबरोबर मनगटाची साल निघून आली. पोर कळवळली आणि सिस्टर तशाच उठून डॉक्टरांना बोलवायला धावल्या.

डॉक्टरांनी पाठवलेला कातडीचा तुकडा आठवड्यानं तपासून आला. डॉक्टर ऐश्वर्या मॅडमनी निशिगंधाला समजावलं. कातडीच्या पेशी जिथं एकमेकींना जुळतात, तिथं प्रथिनांचे धागे आतून जोड धरून ठेवतात, गोधडीच्या टाक्यांसारखे. या पोरीत त्यातलं एक प्रथिन जन्मापासूनच नीट घडत नाही. जरा घासलं की थर सुटतो. कुणी काही केलेलं नाही.

सिस्टर स्वतःच बाकड्यापाशी गेल्या. त्यांना फार लाज वाटत होती.

"आज्जी, चुकलं माझं. चला, नातीला घ्या. तिच्या काखंत धरू नका, खालनं तळवा घालून उचला."

विठाबाई आत आल्या. निशिगंधानं मान खाली घालून पोरीला मऊ दुपट्यासकट पुढं केलं. विठाबाईंनी हात पुढं केले नाहीत.

"असू दे तुझ्यापाशीच. उद्या परत फोड आला, तर कुणाकडं बगशीला तुमी?"

मग त्या पलंगापासून हातभर दूर उभ्या राहिल्या आणि तिथूनच पदरानं नातीला वारा घालू लागल्या.