टोप्याच्या कानातलं कुसळ

जरा तळहात पुढे करा पाहू. त्यावर एक वाळलेलं कुसळ ठेवलं आहे असं समजा. एका टोकाला सुईसारखी अणी, दुसऱ्या टोकाला लांब, पीळ पडलेली शेपटी. आता त्यावर पाण्याचा एक थेंब सोडा आणि नुसतं बघत राहा. आधी शेपटी हलेल, मग पीळ सुटायला लागेल आणि अख्खं कुसळ जागच्या जागी गोल फिरेल, कुणी चावी दिल्यासारखं.

दिग्रसजवळच्या एका तांड्यावरची पोरं दिवाळीच्या सुमारास हा खेळ खेळतात, कारण तेव्हा माळावरचं गवत वाळून कुसळांवर आलेलं असतं. ममता या खेळात पटाईत. तिचं कुसळ सगळ्यांच्या आधी फिरायला लागायचं.

ममताचा एक कुत्रा होता. त्याचे कान दोन्ही गालांवर लोंबायचे, थंडीतल्या कानटोपीसारखे. म्हणून त्याचं नाव टोप्या.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी तांड्यावरच्या मुली सकाळीच रानात फुलं तोडायला जातात. मग घरोघरी शेणाचे छोटे गोळे ठेवून गोधन मांडतात आणि त्यावर ती फुलं वाहतात. ममता निघाली तेव्हा तिची दादी बसंतीबाई दारातून ओरडली, "छोरी, त्या कुत्र्याले बांध. माळावर कुसळ झालं हाय!"

"बांधलं ना, दादी!"

बांधलं होतं खरं. पण मुली नाल्यापलीकडे पोचतात तोच टोप्या मागून धावत आला. गळ्यात कुरतडलेल्या दोरीचा तुकडा. मुली हसल्या, आणि तो सरळ गवतात घुसला. गवत त्याच्या डोक्याच्याही वर होतं. तो कुठे आहे ते फक्त शेंडे हलले की कळायचं.

घरी परतल्यावर मुली ओट्यावर बसल्या आणि आपापल्या ओढण्यांतली, घागऱ्यांतली कुसळं वेचू लागल्या. टोप्याच्या अंगाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

दुपारी तो डोकं झटकायला लागला. डावा कान जमिनीला घासायचा, केकाटायचा, पुन्हा झटकायचा. ममताने भाकरीचा तुकडा पुढे केला, तर त्याने तोंड फिरवलं. भाकरीला नाही म्हणणारा टोप्या तिने आजवर पाहिला नव्हता.

"काहून असा करून राह्यला हा?" तिचे बा, हिरासिंग, जवळ आले.

"माशी गेली असंल कानात," दादी म्हणाली. "तुह्या कानात नव्हती का गेली, लहानपणी? पाणी घातलं अन् तरंगत वर आली."

तांड्यावर हा उपाय सगळ्यांना ठाऊक होता. हिरासिंग वाटीत कोमट पाणी घेऊन आले. "ममता, डोकं धर त्याचं."

ममताने टोप्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि कान वर उचलला. आतल्या घडीत एक बारीक, तपकिरी केस दिसत होता. टोप्या तर पांढरा होता. ती वाकली. त्या केसाला पीळ होता.

वाटी कलायला लागली होती.

"बा, थांबा! पाणी नोका घालू!"

"आता कायले ओरडतं?"

"माशी नाही हे. कुसळ हाय. पाणी लागलं तं फिरते."

"फिरते मंजे?"

ममताने ओढणीत उरलेलं एक कुसळ काढलं, बाच्या तळहातावर ठेवलं आणि वाटीत बोट बुडवून त्यावर थेंब सोडला. तिघंही बघत राहिले. कुसळ हललं. मग फिरलं.

"अन् फिरून जाते कुठं?" हिरासिंगचा आवाज खाली आला.

ममताने तेच कुसळ बाच्या बाहीत अणीकडून खुपसलं आणि मागे ओढलं. ते तिथेच अडकलं. पुढे ढकललं, तर सुळकन आत गेलं. "पुढंच जाते. मांगं येत नाही."

हिरासिंगने वाटीतलं पाणी अंगणात ओतून टाकलं.

"चिमटीनं ओढू का मग?"

"तुटलं तं अर्धं आत राहीन," दादी म्हणाली. "गाडी काढ. डॉक्टरीनबाईकडं ने त्याले."

दिग्रसला जनावरांच्या डॉक्टर भैरवीताईंच्या घरी पाहुणे बसले होते, तरी त्या उठल्या. त्यांनी टोप्याला गुंगीचं इंजेक्शन दिलं, कानात उजेड टाकला आणि लांब चिमट्याने हळूहळू कुसळ बाहेर काढलं. अणी शाबूत होती.

"पडद्याच्या अगदी जवळ होतं," त्या म्हणाल्या. "पडदा फाटला असता, तर हा कान गेला असता. पाणी, तेल काही घातलं नाही ना?"

"घालतच होतो," हिरासिंग म्हणाले. "हिनं ओरडून हात थांबवला."

भैरवीताईंनी ममताकडे पाहिलं. "कुसळं गळून जाईपर्यंत याला माळावर सोडू नकोस. सुटून गेलाच, तर घरी आल्याबरोबर कान बघायचे, काखा बघायच्या, पंज्यांच्या फटी बघायच्या. कातडीत घुसलेलं दिसलं तर ओढायचं नाही, इकडे आणायचं."

घरी आल्यावर टोप्या दादीच्या पायाशी पेंगत पडला. दादीने त्याच्याकडे पाहून मान हलवली. "नाव टोप्या, अन् टोपी नाही बिचाऱ्याले."

ममता उठली आणि आत गेली. पेटीतून तिने बाची जुनी माकडटोपी काढली, तिचा शेंडा कात्रीने कापून दोन्हीकडून मोकळी केली आणि बाहेर आली.

"अवं, माही टोपी!" हिरासिंग म्हणाले.

ममताने ऐकलं नाही. तिने ती टोपी टोप्याच्या नाकावरून मागे सरकवली, दोन्ही कान अलगद आत घातले, आणि मग त्याच्या पंजाची बोटं एकेक फाकवून उजेडाकडे धरायला लागली.